संगणक दुरुस्ती शिकायची कुठे? एका शैक्षणिक निवडीचा इतिहास

१/१५
दहावी-बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील अनेक घरांत एक चर्चा हमखास रंगते. मुलाला किंवा मुलीला संगणकाची आवड आहे. यंत्र उघडावे, बिघाड शोधावा, नेटवर्क उभारावे, कार्यालयातील माणसांच्या अडचणी सोडवाव्यात, असे काम तिला करायचे आहे. मग प्रवेश कोठे घ्यावा? आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनात, पदवी महाविद्यालयात की खासगी संस्थेच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला? हा प्रश्न आजचा वाटला तरी त्यामागे सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात दोन गोष्टी एकमेकींपासून सतत दूर राहिलेल्या दिसतात. एक, यंत्राचा प्रत्यक्ष सहवास. आणि दुसरी, हाती पडणाऱ्या प्रमाणपत्राची मान्यता. जेथे यंत्र होते तेथे मान्य पदवी नव्हती, आणि जेथे पदवी होती तेथे बहुधा यंत्र नव्हते. हे अंतर कसे पडले, ते पाहू.

२/१५
भारतातील पहिला डिजिटल संगणक १९५५-५६ च्या सुमारास ब्रिटनहून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. त्याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक तरुण गट स्वतःच संगणक बांधत होता. १९६० मध्ये ते पूर्ण यंत्र चालू झाले आणि १९६२ मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिका तापत, निकामी होत, आणि त्या शोधून बदलाव्या लागत. त्यामुळे ज्यांनी यंत्र बांधले तेच त्याचे दुरुस्तीकार ठरले. यांपैकी बहुतेकांनी असे यंत्र पूर्वी हाताळलेले नव्हते, आणि संगणकाची पदवी देणारे महाविद्यालय तेव्हा देशात नव्हते. संगणकाची देखभाल शिकण्याची जागा म्हणजे प्रत्यक्ष त्या यंत्राशेजारची खोली.

३/१५
१९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला आणि चित्र थोडे बदलले. येथे विद्यार्थ्यांना स्वतः प्रोग्राम लिहून यंत्रावर चालवता येऊ लागले. व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरच्या अभियंत्यांसाठी आणि वैज्ञानिकांसाठी अल्प मुदतीचे सघन वर्गही घेतले. राजारामन यांची स्वस्त पाठ्यपुस्तके पुढे देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. मात्र या घडामोडीतून एक विभागणीही जन्माला आली. प्रोग्राम लिहिणे ही विद्या महाविद्यालयाच्या वर्गात शिरली, तर यंत्र उघडून दुरुस्त करणे ही विद्या यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडेच राहिली. पहिलीला पुढे पदव्या मिळाल्या, दुसरीला दीर्घकाळ मिळाल्या नाहीत. आजही ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘सपोर्ट’ यांच्या प्रतिष्ठेत जो फरक केला जातो, त्याचे एक मूळ या विभागणीत सापडते.

४/१५
दुरुस्तीची विद्या कंपनीकडे का राहिली? याचे कारण व्यवहारात होते. आयबीएम १९५१ पासून भारतात होती. तिची यंत्रे ग्राहक विकत घेत नसत, बहुतांशी भाड्याने वापरत, आणि देखभाल त्या भाड्यातच समाविष्ट असे. मुंबईतील कारखान्यात परदेशांतून परत आलेली जुनी यंत्रे, विशेषतः १४०१ हे मॉडेल, नव्याने सज्ज करून येथील ग्राहकांना दिली जात. बिघाड झाला की कंपनीचा अभियंता येई. त्याचे प्रशिक्षण कंपनीच्याच छत्राखाली झालेले असे, आणि यंत्राच्या अंतर्गत रचनेची पुस्तके व सुटे भाग कंपनीच्याच ताब्यात असत. ग्राहकाला यंत्राचे पोट उघडण्याची मुभाही नव्हती आणि गरजही नव्हती. अशा स्थितीत एखाद्या महाविद्यालयाने दुरुस्तीचा अभ्यासक्रम काढायचे ठरवले असते, तरी शिकवायला यंत्र कोठून आणणार, हा प्रश्न उरलाच असता.

५/१५
संगणकाकडे पाहण्याची सामाजिक दृष्टीही त्या काळी अनुकूल नव्हती. यंत्र आले की कारकुनांच्या नोकऱ्या जातील, ही भीती बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांतील कामगार संघटनांनी जोरकसपणे मांडली. बेरोजगारी ज्या देशात घराघरांत होती, तेथे ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. १९६९ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. संगणकाचा वापर निवडक क्षेत्रांत, रोजगारावरील परिणाम तपासून व्हावा, असाच त्या काळच्या धोरणाचा कल राहिला. आयातही कडक परवान्यांखाली होती. परिणामी यंत्रे मोजकी, नोकऱ्या मोजक्या, आणि म्हणून अभ्यासक्रमही मोजकेच.

६/१५
या कथेतील निर्णायक वळण १९७८ मध्ये आले. परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपला भागभांडवलातील हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे अपेक्षित होते. आयबीएमने ते मान्य केले नाही आणि भारतातील कारभार गुंडाळला. तिची यंत्रे मात्र रेल्वेपासून कारखान्यांपर्यंत ठिकठिकाणी चालू होती. त्यांची देखभाल कोण करणार? या प्रश्नाची तयारी सरकारने आधीच करून ठेवली होती. १९७५ मध्ये एक सार्वजनिक कंपनी स्थापन झाली होती आणि तिचे नावच होते ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’. पुढे ती ‘सीएमसी’ या नावाने ओळखली गेली. आयबीएमच्या यंत्रांची देखभाल तिच्याकडे आली आणि आयबीएमचे काही अभियंतेही तिच्यात दाखल झाले. संगणक सांभाळणे हा भारतात स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला, तो येथे.

७/१५
सीएमसीच्या अनुभवात आजच्या विद्यार्थ्याला उपयोगी असा एक धडा दडलेला आहे. आयबीएमचा अभियंता एका कंपनीची यंत्रे जाणत असे. सीएमसीच्या अभियंत्याला मात्र अनेक उत्पादकांची, वेगवेगळ्या पिढ्यांची यंत्रे सांभाळावी लागत. प्रत्येक मॉडेल पाठ करून हे जमणारे नव्हते. विद्युतमंडल कसे वाचावे, दोष स्मृतीत आहे की वीजपुरवठ्यात हे कसे ताडावे, एकेक शक्यता कशी बाद करत जावी, ही पद्धत अंगी बाणवावी लागे. जो मूलतत्त्वे समजला, त्याला यंत्र बदलले तरी अडचण आली नाही. पुढे याच कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय प्रणाली उभी केली. २००१ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. ‘मेंटेनन्स’ या शब्दाने सुरू झालेला प्रवास प्रणाली उभारणीपर्यंत पोहोचला.

८/१५
आता पदव्यांकडे वळू. १९८० मध्ये राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संगणक मनुष्यबळाचा विचार केला आणि एमसीए हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुचवला. १९८२ पासून तो सुरू झाला. त्यामुळे विज्ञान पदवीधरांना अभियांत्रिकीबाहेरून संगणक क्षेत्रात येण्याची वाट मिळाली. महाराष्ट्रात यानंतर लगेच, १९८३ मध्ये, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने काढण्यास परवानगी दिली. तोवर येथील हजारो मुलांना सरकारी महाविद्यालयांत जागा न मिळाल्यास कर्नाटकाचा रस्ता धरावा लागे, आणि त्यासोबत देणगीचा पैसाही राज्याबाहेर जाई. आता जागा येथेच निर्माण झाल्या. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात, तालुक्यांच्या गावांत तांत्रिक महाविद्यालये उभी राहिली. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठी राजकारणात रूढ झाला तो याच प्रक्रियेतून.

९/१५
जागा वाढल्या, पण त्यांची किंमतही ठरली. कॅपिटेशन फीविरुद्ध राज्याने १९८७ मध्ये कायदा केला. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला, म्हणजे एआयसीटीईला, वैधानिक दर्जा देणारा कायदा संसदेने केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा गुणवत्तेवर कमी शुल्कात आणि निम्म्या जागा वाढीव शुल्कात, अशी योजना घालून दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती बदलली आणि संस्थांना शुल्काबाबत अधिक मोकळीक दिली. न्यायालयीन भाषेतल्या या घडामोडींचा अर्थ सामान्य कुटुंबासाठी सरळ होता: मुलाच्या महाविद्यालयाची निवड ही गुणांइतकीच घरच्या ऐपतीची बाब बनली. आणि एवढे देऊनही प्रयोगशाळेत किती संगणक आहेत, ते कोणत्या पिढीचे आहेत, याची खातरजमा प्रवेशापूर्वी फारसे कोणी करत नसे.

१०/१५
ऐंशीच्या दशकातच दुसरी, समांतर शिक्षणव्यवस्था आकार घेत होती. १९८१ मध्ये दिल्लीत एनआयआयटी आणि १९८६ मध्ये मुंबईत ॲप्टेक सुरू झाली. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात सैल केली, पीसी तुलनेने स्वस्त होऊ लागले, आणि एका खोलीत दहा संगणक मांडून वर्ग चालवणे शक्य झाले. बँकांमध्येही संघटनांशी १९८३ आणि १९८७ मध्ये करार होऊन यंत्रांना दार उघडले. नोकऱ्या दिसू लागल्या तसे विद्यार्थी आले. या संस्थांचे बलस्थान वेगात होते. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागत, तर खासगी वर्ग काही महिन्यांत नवा विषय आणत. संध्याकाळी, नोकरी किंवा पदवी सांभाळून शिकता येई. उणीवही तेवढीच ठळक होती. या पदविकेला विद्यापीठाची मान्यता नसे, आणि सरकारी भरतीत तिचे वजन पडत नसे.

११/१५
हार्डवेअरच्या बाबतीत तर शिक्षणाची आणखी एक जुनी परंपरा उपयोगी पडली. ती म्हणजे उमेदवारी. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, येथे रेडिओ आणि टीव्हीचे सुटे भाग विकणारी दुकाने होती. सोल्डरिंगचा हात बसलेला, मल्टिमीटर वाचता येणारा कारागीर तेथे आधीपासून होता. पीसी आल्यावर अशा ठिकाणी सुटे भाग जोडून संगणक तयार करण्याचा धंदा वाढला आणि अनेक तरुण दुकानातच ‘असेंबलिंग’ शिकले. मुंबईची जेटकिंग ही संस्था याच स्थित्यंतराचे उदाहरण आहे. १९४७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवसायात सुरुवात करून ती नव्वदच्या दशकात संगणक हार्डवेअरच्या प्रशिक्षणाकडे वळली. दुकानातील उमेदवाराला यंत्र भरपूर मिळाले. कागद मात्र एकही मिळाला नाही.

१२/१५
ही दरी बुजवण्याचा पहिला गंभीर सरकारी प्रयत्न १९९० मध्ये झाला. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि एआयसीटीई यांनी मिळून ‘डोएक’ योजना आणली. तिची कल्पना साधी होती. शिक्षण खासगी वर्गात होऊ द्या, परीक्षा मात्र देशभर एकच असू द्या. ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा चार पायऱ्या ठरल्या. ‘ओ’ हा पाया, ‘ए’ प्रगत पदविकेच्या, ‘बी’ एमसीएच्या आणि ‘सी’ एमटेकच्या पातळीचा. विद्यार्थ्याला संस्थेत न जाता स्वतंत्रपणेही परीक्षेला बसता येई. पुढे संगणक हार्डवेअर देखभालीसाठीही याच धर्तीवर ‘ओ’ आणि ‘ए’ स्तर आले. २०११ मध्ये या संस्थेचे नाव ‘नाइलिट’ झाले. तिचे एक केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरात आहे. परीक्षा कठीण असल्याची ख्याती होती, आणि त्या काठिण्यामुळेच तिच्या प्रमाणपत्राला किंमत आली.

१३/१५
याच दशकात कंपन्यांनी आणि उद्योगसंघटनांनी स्वतःची प्रमाणपत्रे आणली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टची, १९९३ मध्ये अमेरिकेतील कॉम्पटिया या संघटनेची ‘ए प्लस’, आणि १९९७ मध्ये सिस्कोची नेटवर्किंग अकादमी. यांतील ‘ए प्लस’ ही तर थेट सपोर्ट तंत्रज्ञासाठीच बेतलेली होती. दुसरीकडे महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि २००२ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. शासकीय सेवेसाठी तो ग्राह्य धरला गेल्याने त्याला प्रचंड प्रतिसाद मिळाला. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. एमएस-सीआयटी ही संगणक वापरण्याची साक्षरता आहे. संगणक दुरुस्त करण्याचा तो व्यवसाय-अभ्यासक्रम नव्हे. दोन्हींच्या पाट्या एकाच रस्त्यावर लागल्यामुळे अनेक घरांत हा फरक पुसट झाला.

१४/१५
मान्यतेचा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे दोन निकालांनी दाखवले. छत्तीसगडने २००२ मध्ये केलेल्या कायद्याच्या आधारे अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर अवतरली. कित्येकांकडे इमारत किंवा प्रयोगशाळा असे काहीच नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये याच न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांबाबत निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि एआयसीटीईची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आली. त्यानंतरच्या पदव्या रद्द ठरल्या. प्रवेश घेताना परवानगीचे पत्र न तपासल्याची किंमत विद्यार्थ्यांनी बारा-पंधरा वर्षांनी, नोकरीत स्थिरावल्यावर मोजली. चूक संस्थेची होती, शिक्षा मात्र तिच्या विद्यार्थ्यांना झाली.

१५/१५
आज या दोन वाटा पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचे स्वतंत्र व्यवसाय आहेत. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय महाराष्ट्रात आहे. म्हणजे दहावीनंतर हाताने काम शिकू लागलेल्या मुलीला पदवीची दारे बंद होत नाहीत. तरीही निवडीचा भार कुटुंबावरच आहे, आणि त्यासाठी इतिहास तीन कसोट्या हाती देतो. टिफ्रॅकची खोली आणि लॅमिंग्टन रोडचे दुकान विचारते: विद्यार्थ्याला यंत्र स्वतः उघडायला मिळेल का, आठवड्यातून किती तास? छत्तीसगडचा निकाल विचारतो: या प्रमाणपत्रामागे कोणाची मान्यता आहे, आणि ती कोठे तपासता येते? आणि सीएमसीचा अनुभव विचारतो: येथे एका कंपनीचे यंत्र शिकवतात, की बिघाड शोधण्याची रीत? आयबीएम १४०१ केव्हाच भंगारात गेला. त्याच्यावर रीत शिकलेल्या माणसांना मात्र पुढच्या प्रत्येक यंत्रावर काम मिळत राहिले. प्रवेश अर्जावर सही करण्यापूर्वी संस्थेच्या प्रयोगशाळेत एक चक्कर मारावी, आणि तेथील विद्यार्थ्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आहे का, ते पाहावे.